सदाला पत्र: उलट्या गाडीतून माणूस पडत का नाही

खानापूर

प्रिय सदा,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘रोलर कोस्टरची गाडी उलटी झाली आन पट्टा निघाला तर माणूस आपटणार न्हाई व्हय?’ तेवढ्यात रेंज गेली. आता पोराला खोपोलीच्या इमॅजिकाला नेणारच आहेस, तर नीट लिहितो.

माणूस पडतोच मर्दा. लूप म्हणजे रुळाचा उभा वेढा, गाडी त्यात वर चढून उलटी होते आणि परत खाली येते. त्याच्या माथ्यावर माणूस आणि गाडी दोघंही खाली पडत असतात. पण वेग एवढा असतो की नुसतं पडून ते वळण घेता येत नाही, रुळाला गाडी आणखी खाली रेटावी लागते. तोच रेटा सीटमधून आपल्याला लागतो. म्हणून डोकं खाली, तरी बूड सीटवर दाबलेलं.

माथ्यावरच्या वळणाची त्रिज्या 6 मीटर धर. वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असला तर सीटचा दाब शून्य, अंग अधांतरी. 40 असला की खुर्चीत बसल्यावर पडतो तेवढा, वर थोडा जास्तच. या हिशोबात माणसाचं वजन येतच नाही, तेव्हा तुझी ढेरी आणि पोराची काडी दोन्ही सारखीच.

चिंचलीच्या जत्रेतला मौत का कुआ म्हणजे हेच, असं तू म्हणालास. हे काय पटत नाही. तिथं भिंत मोटारसायकल आत रेटते खरी, पण वजन पेलतं टायरचं घर्षण. टायर घसरला की संपलं. उलट लूपच्या माथ्यावर वजन वळायला मदतच करतं.

खरी गोची तळाला. लूप पुरा गोल केला तर माथ्यापेक्षा तळाला आपल्या वजनाच्या सहापट जादा दाब येतो. 1895 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा असा गोल लूप होता, त्यात लोकांच्या माना दुखावल्या. पुढं 1976 ला कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरनं खाली पसरट, वर निमुळता लूप आखला. वेग जास्त तिथं वळण ऐसपैस, वेग कमी तिथं आखूड. आपल्या पुस्तकांत मात्र अजून गोलच काढतात!

मग पट्टा कशाला? गाडी माथ्यावरच अडकली तर. गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही चाकं असतात, ती लोंबकळत राहील. माणसाला कुठली आली चाकं? तेव्हा पोराच्या खांद्यावरचा बार तू स्वतः ओढून बघ, आणि मोबाईल वहिनींकडे देऊन चढ.

तुझा,
वसंता