काका, स्लेडपासून टॉगल क्लॅम्पपर्यंत सगळ्यासाठी थँक्यू

काका,

तुम्ही नाशिकला लेकीकडे राहायला गेलात. निघायच्या दिवशी आम्ही काही बोलायला लागलो की तुम्ही 'बरं बरं, तो डस्ट कलेक्टरचा पाइप बघा आधी' म्हणून विषय बदलत होतात, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

आपलं वर्कशॉप म्हणजे काय तर एका शेडमध्ये एक टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत), एक राऊटर टेबल, एक ड्रिल प्रेस आणि शनिवार-रविवारी येणारे आम्ही हौशी लोक, कोणी बँकेतलं, कोणी डेंटिस्ट, कोणी शाळेत शिकवणारं. प्रत्येक जण यायचा, आपलं स्टूल नाहीतर शेल्फ बनवायचा, निघून जायचा. भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या तुम्ही येऊन सांगितलंत की मशीन सगळ्यांचं आहे तर जिग, म्हणजे लाकूड नेमकं धरून कापायचे साचे, पण सगळ्यांचे पाहिजेत. मशीनं वाटून वापरणं आपल्याकडे नवीन नाही हे पण तुम्हीच सांगायचात, पाबळला कलबाग सरांनी १९८३ मध्ये गावातल्या मुलांना हातानी काम करत शिकवणारा विज्ञान आश्रम सुरू केला तिथलं काम तुम्ही इतकं भरभरून सांगायचात की ऐकणाऱ्याला पण हुरूप यायचा.

क्रॉसकट स्लेड, म्हणजे लाकूड काटकोनात आडवं कापायला टेबल सॉवर सरकणारी पाटी, बनवला ते तर मी कधीच विसरणार नाही. बेसला १२ मिमी प्लाय, फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीला, १८ चे दोन प्लाय फेविकॉलनी चिकटवून, म्हणजे वाकणार नाही. रनर, म्हणजे टेबल सॉच्या स्लॉटमध्ये सरकणाऱ्या खालच्या पट्ट्या, सागाचे, आणि तिथे तुम्ही टिंबर मार्केटमधून आणलेल्या पट्ट्यांची टोकं एकेक करून बघत बसलात, ज्यात वर्षवलयं उभी आहेत तेवढ्याच बाजूला काढल्यात. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे फुगतं, त्यामुळे असा रनर पावसाळ्यात स्लॉटमध्ये कमी अडकतो. जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस चालू होता आणि स्लेड मस्त सरकत होता, तेव्हा हे खरं समजलं.

मग गुण्या लावून फेन्स बसवला, सगळ्यांना वाटलं झालं, तर तुम्ही म्हणालात आता मोजू. ४०० मिमीचा एमडीएफचा चौकोन घ्यायचा, एक बाजू कापायची, ताजी कापलेली बाजू फेन्सला टेकवून पुढची कापायची, असं करत चारही बाजू, आणि पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची इंचभर पट्टी काढायची. कोनात जरा जरी फरक असला तरी तो त्या पट्टीत चौपट होऊन दिसतो. आपल्या पट्टीचं एक टोक भरलं २५.८४ मिमी, दुसरं २५.२०. फरक ०.६४, भागिले ४, म्हणजे ४०० मिमीला ०.१६. फेन्स ज्या स्क्रूवर फिरतो तिथून दुसरं टोक ५०० वर, म्हणजे ते टोक ०.२० नी सरकवायचं. एवढंसं अंतर हातानी कसं सरकवणार असं मला वाटत होतं, तुम्ही खिशातून फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, काढून दिलात. फेन्सच्या मागे ०.२० ची पाती, पातीला टेकवून ठोकळा क्लॅम्प केला, पाती काढली, फेन्स ठोकळ्याला भिडवून स्क्रू आवळला. आणि हे सगळं आमच्या हातून करून घेतलंत, तुम्ही फक्त आकडे विचारत होतात.

बॉक्स जॉइंटचं जिग, टेबलाचे पाय निमुळते करायचं टेपर जिग, सगळं नंतर भराभर झालं. प्रत्येकावर मार्करनी साइज आणि कुठलं ब्लेड लावायचं ते लिहायची सवय तुम्ही लावलीत आणि स्लेडच्या मागे जिथून ब्लेड बाहेर येतं तिथे जाड ठोकळा लावून लाल रंग दिलात, अंगठा तिथे जाऊच नये म्हणून. नवीन माणूस आला की आजही आधी तो लाल ठोकळा दाखवतो आम्ही.

पण मला मनापासून थँक्यू म्हणायचंय ते टॉगल क्लॅम्पसाठी. आपल्या ग्रुपमधल्या ताईंच्या डाव्या हाताची पकड कमी आहे, त्या कायम पॉलिश पेपर मारायचं नाहीतर रंगाचं काम मागून घ्यायच्या, का ते कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही पण काही विचारलं नाहीत, पुढच्या रविवारी दोन टॉगल क्लॅम्प घेऊन आलात आणि स्लेडवर बसवलेत, लिव्हर एका हातानी दाबला की लाकूड पक्कं धरलं जातं, आणि ताईंना म्हणालात, 'जरा ट्राय करून सांगा बरं, जोर कमी-जास्त करायचाय का.' त्या दिवशी त्यांनी नातवाच्या खेळण्यांच्या पेटीच्या चारही बाजू स्वतः कापल्या. आता ते क्लॅम्प आम्ही सगळेच वापरतो, कारण हात ब्लेडपासून लांब राहतात. असं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही काका, खरंच.

दिवाळीत पुण्यात याल तेव्हा एक रविवार आमच्यासाठी ठेवा, काकूंना पण आणा. आणि राऊटरच्या सर्कल जिगचं ड्रॉइंग पाठवतेय, मधली पिन ६ ची ठेवू का ८ ची तेवढं बघून सांगा.

तुमची,
रविवारच्या बॅचमधली