भावा, आधी समोरच्याचे चिंचोके मोज

भावा,

तुझा परवाचा पोकरच्या हाताचा मेसेज तीनदा वाचला. "किलवरची सत्ती-छक्की होती, फ्लॉपला दोन किलवर पण आले, तरी घालवलं, नशीबच फुटकं" असं लिहिलायस (फ्लॉप म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडे पडणारे पहिले तीन पत्ते). फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस लेका, म्हणून जेवण झाल्यावर निवांत लिहायला बसलोय. पंचगंगेला पाणी वाढलंय, इकडं पेठेत सगळं शांत आहे, त्यामुळे आज लांबणार, चहा घेऊन बस.

तू दिलेल्या आकड्यांवरनं तो हात मी पत्ते काढून परत मांडून बघितला. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी मधे टाकायचे, १-२. समोरच्याकडे सगळे मिळून ४५ (तुमच्यात प्लास्टिकच्या चिप्स असतील, मी आपला चिंचोकेच म्हणतोय). त्यानं ८ केले, तू शेवटी बसून ८ भरलेस, बाकीचे पॅक, मधे १९ झाले. फ्लॉपला किलवरचा राजा, किलवरची नव्वी, बदामाची दुर्री. त्यानं उरलेले ३७ सगळे ढकलले, तू पण ३७ भरलेस आणि किलवर काय आलं नाही.

आता हिशोब बघ. ३७ भरले की मधे ९३ होतात, म्हणजे शंभरात ४० वेळा तरी तू जिंकायला पाहिजेस. किलवर राहिले ९, पत्ते यायचे दोन, तर कलर, म्हणजे एका रंगाचे पाच पत्ते, लागायची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे थोडा तोट्याचाच सौदा, पण एवढ्यावरनं मी तुला बोललो नसतो. खरी चूक फ्लॉपच्या आधी झाली, ते ८ भरलेस ना, तिथं. त्याच्याकडे ४५ च होते मर्दा, ते बघितलंस का? मेसेजमध्ये पत्ते सगळे बरोबर लिहिलायस, कुठला पत्ता कुठल्या रंगाचा ते सुद्धा, आणि त्याचे चिंचोके मला दोनदा विचारल्यावर सांगितलेस.

सत्ती-छक्की एका रंगाची, पंजीची जोडी, असले हात म्हणजे आडसाली ऊस आहे बघ. तुमच्या रानात मामा लावतात की. आडसाली १६-१८ महिने रानात उभा राहतो, त्याला तेवढं पाणी पुरवायला लागतं, आणि विहिरीत चार महिन्यांचं पाणी असताना कोण आडसाली लावत नाही, बेणं कितीही चांगलं असू दे. हे हात लगेच काय देत नाहीत, दहातले आठ-नऊ वेळा नुसतं भरून सोडून द्यायला लागतात, आणि एकदा लागतात तेव्हा मागचं सगळं भरून काढून वर उरेल एवढं समोर पडलेलं पाहिजे. फक्त इथं विहिरी दोन, तुझी आणि त्याची, आणि दोन्हीत जी उथळ तेवढंच पाणी धरायचं. तुझ्यापुढं ३०० असू देत, त्याच्यापुढं ४५ असतील तर तो डाव ४५ चाच. इफेक्टिव्ह स्टॅक म्हणतात तो हाच.

पंजीच्या जोडीचा हिशोब सांगतो, हा मी वहीत मांडलाय आणि मला तो लई आवडतो कारण आकडे सरळ येतात. हातात जोडी असली की फ्लॉपला तिसरी पंजी साधारण १७ वेळात २ वेळा येते. समज कुणीतरी ६ केले आणि तू प्रत्येक वेळी ६ भरतोस. १५ वेळा काय लागत नाही, सोडून देतोस, गेले ९०. राहिल्या २ वेळा, तेवढ्यात ते ९० परत आले पाहिजेत, म्हणजे एकेका वेळी ४५. आणि त्याच्याकडे सगळे मिळून ४० च असले तर? दोन्ही वेळा त्यानं शेवटचा चिंचोका सुद्धा तुला दिला, वर ब्लाइंडचे ३ धरले, तरी ४३ दुणे ८६. म्हणजे सगळं तुझ्या मनासारखं होऊन सुद्धा तू ४ नं मागे! मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा उठून घरात एक फेरी मारून आलो, एवढी वर्षं आपण जोडी दिसली की भरतच आलोय की.

आणि खऱ्या खेळात सगळं मनासारखं होत नाही. तुला पंजी लागते त्या वेळी त्याच्याकडे काहीच नसतं, तो एकदा मारून सोडून देतो. कधी त्याची पण तिसरी लागते, राजांची, मग तूच मोठ्यात जातोस. म्हणून जाणकार लोक म्हणतात की भरायच्या रकमेच्या १५ ते २० पट तरी मागे पाहिजे, ६ भरायचे असतील तर ९० ते १२०, आणि ते दोघांकडे. मी २० च धरतो.

रंगाच्या लागोपाठ पत्त्यांना तर त्याहून जास्त लागतं. जोडीचं कसं, लागली की लागली आणि दिसत पण नाही. पण एका रंगाचे दोन पत्ते घेऊन फ्लॉपलाच पूर्ण कलर व्हायचं प्रमाण शंभरात एक सुद्धा नाही. कलरला एक पत्ता कमी एवढंच नऊ-दहा वेळात एकदा होतं, म्हणजे अजून पैसे भरून पुढचा पत्ता बघायचा. परत कलर लागला की टेबलावर तीन किलवर सगळ्यांना दिसतात, समोरचा गप होतो, आणि गप होत नाही तेव्हा बऱ्याचदा त्याच्याकडे राणीचा नाहीतर एक्क्याचा कलर असतो आणि तू छक्की-सत्तीवर सगळं घालवून बसतोस.

आता तोच तुझा हात, पण दोघांकडे ३०० आहेत असं धर. मधे १९, तो १२ मारतो. पुढच्या एका पत्त्यावर कलर लागायला सव्वाचारास एक असं प्रमाण, म्हणजे १२ भरायला पुढं ५० दिसायला पाहिजेत. मधे आहेत ३१. राहिले २० च्या आसपास, आणि ते कलर लागल्यावर त्याच्याकडनं निघायची आशा धरायला जागा आहे कारण त्याच्यामागे अजून २८० पडलेत. पत्ते तेच, फ्लॉप तोच, एकात भरणं चूक आणि एकात बरोबर. ४५ वाल्यानं सगळे आत टाकले तिथं पुढं मिळायचं काय राहिलंच नाही भावा.

मी आता एक सवय लावून घेतलीय, तू पण लाव. फ्लॉप पडला की मधे किती आणि मागे किती याचं प्रमाण मनात काढायचं. ६ केले, ६ भरले, मधे १५, आणि २०० नं बसलेल्यांच्या मागे १९४, म्हणजे १३ पट. ४० वाला असेल तर मागे ३४, जेमतेम सव्वादोन पट. दोन पटीला एक्क्याची नुसती जोडी घेऊन कुणीही सगळं टाकतं आणि ते बरोबरच आहे. १३ पटीला त्याच जोडीला घाम फुटतो, आपल्या असल्या हातांचा जीव तिथं आहे.

तू मनीमेकरचं नाव घेणार हे मला माहिताय. २००३ ची पोकरची वर्ल्ड सिरीज, ८३९ जण, हा ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतनं आत आलेला अकाउंटंट, आणि शेवटचा हात पंजी-चौकी, ते पण वेगळ्या रंगाची. खरं आहे. पण नीट बघ, टेबलावर दोघंच उरलेले, आणि फ्लॉपला गुलाम, पंजी, चौकी. सॅमी फारहाकडे गुलाम-दश्शी, त्याची सगळ्यात वरची जोडी झाली, त्यानं ती सोडली नाही आणि सगळे चिप्स मधे गेले. पंजी-चौकीला २५ लाख डॉलर मिळाले ते समोरच्याकडे द्यायला होतं आणि तो द्यायला तयार झाला म्हणून. आठजणांच्या टेबलावर ४५ वाल्यापुढं तेच पत्ते भरायला तो दाखला चालत नाही.

मागच्या दिवाळीत माझं काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय. रात्री दहाला माझ्यापुढं ४२० होते, सगळ्यात जास्त. मला वाटलं आता काय, आपल्याकडे भरपूर आहेत, बघूया सगळे फ्लॉप. ज्यांच्याकडे ३०-४० उरलेले त्यांनी वाढवलं की मी छोट्या जोड्या घेऊन भरत राहिलो. एक पण मोठा हात हरलो नाही आणि बारापर्यंत ९० गेले. त्या रात्री झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी वही काढली, ती अजून चालू आहे.

कुणासमोर भरायचं ते पण बघत जा. एक्का-राजाला मिठी मारून बसणारा आणि मागे २०० असलेला, तो आपला माणूस. घाबरून सोडणारा असेल तर २० पट असून सुद्धा मी पॅक करतो. आणि तू शेवटी बोलणारा नसशील तर सत्ती-छक्की बघू पण नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैसे लावून खेळायची ऑनलाइन ॲप बंद झाली, ते मला मनापासून बरं वाटलं. आपण आधीपासनं चिंचोक्यांवरच खेळतोय, आणि संपले की उठून सगळ्यांना चहा करायचा, परत घ्यायचे नाहीत, या एका नियमामुळं आपल्या टेबलावर चिंचोक्याला किंमत आहे. परत घ्यायला मिळत असते तर हे सगळं लिहायची गरजच नव्हती.

आजीनं चिंच फोडून नवीन चिंचोके वाळवून ठेवलेत, मोजले तर १६०० भरले, म्हणजे आठजणांना २००. पण मला या दिवाळीला ३०० नं बसायचंय, म्हणजे तुझ्या त्या सत्ती-छक्कीला जरा रान मिळेल. अजून ८०० लागतील. तुमच्या गावाकडच्या चिंचेचे मिळतात का ते मामांना विचार आणि कळव, आणि पुढच्या वेळी हात लिहून पाठवशील तेव्हा पत्त्यांच्या आधी दोघांचे चिंचोके लिही.

तुझाच,
मंगळवार पेठेतला