दोनदा मोजलेली संख्या

प्रिय मित्रा,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही गणित घेऊन. रागाव हवं तर. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? घरी सगळे बरे आहेत, माझा गुडघाही.

हॉस्टेलच्या गच्चीवरचं भांडण आठवतं? पाया 1.618, अंक फक्त 0 आणि 1; बिंदूपुढचा पहिला अंक पायाने भागायचा, दुसरा त्याच्या वर्गाने, असं करत मिळणाऱ्या सगळ्या संख्यांच्या संचाची मिती (तो रेषेवर किती दाट पसरलाय त्याचं माप) किती? मी छातीठोकपणे सांगत होतो, मिती म्हणजे लॉग 2 भागिले लॉग 1.618, म्हणजे 1.44. तू म्हणालास, "रेषेवरच्या संचाची मिती एकाच्या वर जाईलच कशी? तू दोनदा मोजतोयस." खरंच होतं, सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे त्या 1.618 च्या पायात 0.1 आणि 0.011 ही एकच संख्या. मेसच्या वहीत मावशींनी दोनदा मांडलेली पोळी तुला लांबून दिसायची, तिथे हे काय! मी मात्र तुझी वही गच्चीवरून खाली फेकली. ते अजून सलतं.

आता ऐक. अंक 0, 1, 3 एवढेच घ्यायचे. पाया 3 असेल तर पुन्हा तेच, 0.03 आणि 0.1 एकच. म्हणून 03 ही जोडी टाळून मोजायचं: 3, 8, 21, 55... दर पायरीला वाढ अखेर 2.618 पट, म्हणजे तुझ्या 1.618 चा वर्ग! मिती लॉग 2.618 भागिले लॉग 3, म्हणजे 0.876.

मग पाया 3.5 घेतला आणि अडकलो. बिंदूनंतर 0 ने सुरू होणाऱ्या संख्यांचा रेषेवरचा पट्टा आणि 1 ने सुरू होणाऱ्यांचा पट्टा एकमेकांवर चढतात. म्हणजे मी पुन्हा दोनदा मोजतोय का? चार रात्री झोप नाही. तुझाच आवाज कानात. शेवटी असं सुचलं: सारख्या लांबीच्या दोन वेगळ्या अंकमाळा एकाच संख्येवर आल्या, तर त्यांच्या वजाबाकीतून −3 ते 3 मधल्या सहगुणकांची बहुपदी मिळते आणि 7/2 हे तिचं मूळ ठरतं. मग तिच्या शेवटच्या शून्येतर सहगुणकाला 7 ने भाग जायला हवा. −3 ते 3 मध्ये असा आहेच कुठे? म्हणजे पट्टे एकमेकांवर चढतात, पण तंतोतंत बसत कधीच नाहीत.

तरी धाकधूक होतीच, कारण माळा एकमेकींच्या फार जवळ येऊ शकतात. ती गणिती मायकेल हॉखमनच्या 2014 च्या प्रमेयाने संपली. पाया असा बैजिक, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या एखाद्या बहुपदीचं मूळ असेल, तर तंतोतंत जुळणीशिवाय मिती घसरत नाही. म्हणून लॉग 3 भागिले लॉग 3.5, म्हणजे 0.877. एकीकडे 0.876, दुसरीकडे 0.877! हे बघून मी एकटाच ओरडलो, आणि शेजारी बघायला तू नव्हतास.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा कशी गेली? आईंना नमस्कार.

ती वही मी त्याच रात्री खाली जाऊन उचलून आणली होती. तुला कधी सांगितलं नाही. 0.011 ची तुझी ओळ तशीच आहे, आणि वरचा सगळा हिशोब तिच्या मागच्या पानावर केलाय. फोटो पाठवतो. सातने भागायची ओळ तेवढी तपास.

तुझाच