साताऱ्याजवळच्या गॅरेजवाल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पांढरी पेट्रोल गाडी, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर मोसंब्यांची पिशवी, एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल. आल्या आल्या तुम्ही पंखा आईकडे वळवलात आणि मगच बॉनेट उघडलंत. आई घरी जो भेटेल त्याला हेच सांगते. मला मात्र त्यापुढचं सगळं सांगायचं आहे.

ऑइल बदलून आणलेली गाडी. पुण्याहून कोल्हापूरला निघालो, खंबाटकी चढून झाली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. जिथे ऑइल बदललं होतं तिथे फोन केला, तर गाडी न बघताच निदान झालं: ‘ऑक्सिजन सेन्सर गेला असणार, बदलावा लागेल.’ चहाच्या टपरीवर एकाने बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगितलं, म्हणजे दिवा आपोआप जातो म्हणे. तिथल्याच एका ट्रकवाल्याने तुमचा नंबर दिला, हे माझं नशीब.

गाडी कुठली, हे तुम्ही शेवटी विचारलंत. आधी विचारलंत, दिवा पिवळा की लाल? स्थिर आहे की लुकलुकतोय? गाडी झटके देते का? या प्रश्नांमागचं कारण मला नंतर तुमच्याच तोंडून कळलं. तेलाच्या किटलीचा लाल दिवा असता, तर आहे तिथेच इंजिन बंद करायला लावणार होतात, कारण तेलाचा दाब गेला की इंजिन बसायला वेळ लागत नाही. पिवळा लुकलुकत असता तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. ‘स्थिर आहे ना? मग या निवांत,’ म्हणालात. त्या एका ‘निवांत’ने माझा घसा सुटला.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तुम्ही स्कॅनर लावलात. दोषाचा कोड आला पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मी म्हटलं, आता कोड पुसून टाका. तुम्ही हात आडवा धरलात. कोड पुसला की तो लागला तेव्हाची इंजिनाची नोंदही जाते, मग शोधायचं कशावरून? बॅटरीची वायर काढली असती तरी बहुधा तेच झालं असतं. ‘आधी सांगा, शेवटचा हात कशाला लागला?’ मी म्हटलं, ऑइलला. तुम्ही मान डोलावलीत आणि गेज बाहेर काढून तेलाची पातळी बघितलीत. ती बरोबर दोन खुणांच्या मध्ये होती.

मग ते आकडे. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना फ्युएल ट्रिम वीसच्या पुढे, म्हणजे कंप्युटर नेहमीपेक्षा तेवढे टक्के पेट्रोल जास्त ओतत होता. ॲक्सिलरेटर दाबून धरला की आकडा उतरायचा. तुम्ही म्हणालात, कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून तिचा वाटा मोठा दिसतो. आणि मग तुम्ही चालू इंजिनावर ऑइल भरायच्या झाकणावर तळहात ठेवून वजन टाकलंत. स्क्रीनवर शॉर्ट टर्म ट्रिमचा, म्हणजे त्या क्षणाच्या दुरुस्तीचा आकडा झपाझप खाली, थेट उणेमध्ये. हात उचललात, परत वर. पुन्हा दाबलात, पुन्हा खाली. मी स्क्रीनकडे बघू की तुमच्या हाताकडे, असं झालं होतं.

झाकण काढल्यावर सगळं उघड झालं. आतली रबरी रिंग खाचेतून सरकून चिमटली होती, एका बाजूने चिरलीसुद्धा होती. तिथून शिरलेली हवा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, तिथली वाफ परत इंजिनात ओढणाऱ्या पीसीव्हीच्या वाटेने सिलिंडरात जात होती, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या मोजमापात न येता. दिवा लगेच का नाही लागला, तर असे बरेचसे दोष लागोपाठ दोनदा गाडी चालवताना दिसले तरच तो पेटतो. धुरात ऑक्सिजन जास्त आहे, हे ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होते लोक!

डब्यातून मापाची रिंग शोधताना एक साधी रिंग तुम्ही बाजूला टाकलीत, ‘ही तेलात फुगते’ म्हणून. फक्त माझा दिवा घालवायचा असता तर तीही चालली असती. बिलात रिंग आणि स्कॅनिंग, एवढंच. सेन्सरची भीती मला आधीच घातलेली होती, तुम्ही तोच बदलला असतात तरी मी मुकाट्याने पैसे मोजले असते आणि वर तुमचे आभारही मानले असते. हे तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरला जाऊन आलो, पुण्यात रोजची ये-जा चालू आहे, दिवा लागलेला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे झाकणाच्या कडेला फडकं फिरवून बघतो; कोरडं निघतं.

आता भाऊ त्याची डिझेल गाडी घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणतोय. तिचाही पिवळा दिवा लागलाय आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोकअप झालाय अशी त्याची खात्री आहे. मी त्याला म्हटलं, खात्री घरी ठेव आणि शेवटचा हात कशाला लागला ते आठवून जा.

आपला,
मोसंबीवाल्या आजींचा मुलगा