मुक्काम लुईस माउंटनलाच

ती. आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

तुमची ऑक्टोबरची तिकिटं झाली, आता इथलं ठरवतेय. वॉशिंग्टनहून गाडीने शेनंडोआ नॅशनल पार्कला जाऊ. डोंगरमाथ्यावरून 169 किलोमीटरचा रस्ता आहे, स्कायलाइन ड्राइव्ह, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याला त्रास नाही. लिंबरलॉस्टची पायवाट तर व्हीलचेअर जाईल अशी बांधलीय. मुक्काम मात्र मी लुईस माउंटनच्या लाकडी खोल्यांत धरलाय. चांगली मोठी लॉज सोडून इथे का, असं आई विचारणारच, म्हणून हे पत्र.

1939 साली ही जागा उघडली ती काळ्या लोकांसाठी. तशी पाटीच होती, ‘लुईस माउंटन नीग्रो एरिया’. पार्क केंद्र सरकारचं, कर सगळ्यांचा, पण व्हर्जिनियातली रीत सांभाळायची म्हणून गोऱ्यांच्या लॉज आणि कँपग्राउंड वेगळे. रस्ता सगळ्यांना मोकळा होता. रात्र कुठे काढायची आणि जेवायला कुठे बसायचं, ते रंगावर ठरायचं. बाबा, हे वाचताना आजोबा सांगायचे ते चवदार तळं आठवल्याशिवाय राहिलं नाही.

पार्क ज्या खात्याकडे होतं त्याचे मंत्री हॅरल्ड इकीज. त्यांचे कृष्णवर्णीय सल्लागार विल्यम ट्रेंट यांनी खात्यात राहून ही विभागणी मोडायचा आग्रह धरला. 1945 मध्ये सगळ्याच नॅशनल पार्कांतला भेदभाव बंद करायचा हुकूम निघाला, तरी शेनंडोआत तो पुरता अमलात यायला 1950 उजाडलं.

त्याआधी पार्क करायचं म्हणून याच डोंगरातून सुमारे 500 कुटुंबं उठवली होती, बहुतेक गरीब गोरी. व्हर्जिनियाने 1928 मध्ये त्यासाठी कायदाच केला. काही म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. त्यांतल्या शेवटच्या ॲनी शेंक 1979 मध्ये गेल्या. धरणाच्या कामावर असताना बाबांनी उठलेली गावं पाहिलीत, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते चार्ल्स यंग यांच्याबद्दल. केंटकीत गुलामीत जन्मलेला हा माणूस वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून अधिकारी झाला. 1903 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सिक्वॉया पार्कचा कारभार त्यांच्याकडे आला. नॅशनल पार्कचे ते पहिले कृष्णवर्णीय प्रमुख. आधीच्या तीन उन्हाळ्यांत रखडलेला रस्ता त्यांच्या काळ्या घोडदळाने एका हंगामात जायंट फॉरेस्टपर्यंत नेला, आणि त्या प्रचंड झाडांपर्यंत पहिल्यांदा घोडागाड्या पोचल्या. बाबा, रस्त्याचं काम म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पार्कं लोकांना खुली करायला ज्यांनी घाम गाळला, त्यांच्याच लोकांना छत्तीस वर्षांनी शेनंडोआत एका कोपऱ्यात जागा मिळाली. याचा मला फार राग येतो, आणि म्हणूनच तिथे तुमच्याबरोबर राहावंसं वाटतं.

आणखी एक. यंग यांचे जिवलग मित्र होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे विद्वान. यंग गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1946 मध्ये, आपल्या बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, कारण आपल्या लोकांसाठीही तसं करायचा विचार चालला होता. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. यंग यांची कबर वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत आहे. परतताना आपण तिघं तिथे जाऊ, फुलं मी घेईन.

डोंगरावर थंडी असेल, आईने शाल आणि कानटोपी हातातल्या बॅगेतच ठेवावी. खोल्यांबाहेर निखाऱ्यांवर स्वयंपाक करता येतो. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, तेवढं ओझं आणू नका. बाबांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र विसरू नका.

तुमची,
सुमी