कात्री जपून चालव

प्रिय रेमंड,

सप्रेम नमस्कार. धर्मप्रांताचं संपर्काचं काम बिशपांनी तुझ्या गळ्यात घातल्याचं कळलं. अभिनंदन करू की सांत्वन? हे काम निव्वळ कॅमेरा आणि फेसबुकचं आहे असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. कुठला मजकूर किती द्यायचा आणि केव्हा, यातच निम्मं आयुष्य जातं. फादर दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ हे आपलं वसईचं मासिक १९८३ ते २००७ सांभाळलं, तो धडा तुला घरचाच आहे. मी लांबचा एक सांगतो, त्यात चूक स्वच्छ दिसते.

दारिओ विगानो हे मिलान धर्मप्रांताचे धर्मगुरू. १९८७ साली गुरुदीक्षा, पुढे सिनेमाचा अभ्यास आणि अध्यापन. जानेवारी २०१३ मध्ये व्हॅटिकन टीव्हीचे संचालक झाले आणि महिन्याभरात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी राजीनामा जाहीर केला. २८ फेब्रुवारीला त्यांचं हेलिकॉप्टर रोमवरून कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी निवासाला, गेलं, ते चित्रीकरण विगानोंच्या देखरेखीखालचं. दृश्य कसं उभं करायचं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रेडिओ, टीव्ही, वृत्तपत्र, छापखाना अशा नऊ संस्था एका छत्राखाली आणायला घेतल्या आणि प्रमुख नेमलं ते विगानोंनाच.

मग मार्च २०१८ आला. फ्रान्सिस यांच्या ईशज्ञानावर (थिऑलॉजीवर) ११ छोट्या पुस्तकांचा संच निघाला होता. विगानोंनी बेनेडिक्ट यांच्याकडे त्यावर चार ओळी मागितल्या होत्या. त्यांचं ७ फेब्रुवारीचं खासगी उत्तर आलं. सुरुवातीला कौतुक, दोन्ही पोपांच्या कारकिर्दीत आतून सातत्य असल्याची ग्वाही. पुढे मात्र, पुस्तकं मी वाचलेली नाहीत, तेव्हा लिहिता येणार नाही. आणि शेवटी एका लेखकाच्या निवडीबद्दल उघड नापसंती. १२ मार्चच्या प्रसिद्धिपत्रकात कौतुक तेवढं आलं. सोबतच्या फोटोत पहिल्या पानाच्या तळच्या दोन ओळी धूसर, दुसऱ्या पानावर पुस्तकांची चळत आणि उघडी होती ती फक्त सही.

दोनच दिवसांत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेकडे व्हॅटिकनला ओळी धूसर केल्याची कबुली द्यावी लागली. १७ तारखेला अख्खं पत्र बाहेर, २१ला विगानोंचा राजीनामा मंजूर. जुलैत त्या जागी पावलो रुफिनी आले, पेशाने पत्रकार आणि धर्मगुरू नसलेले.

पत्र खासगी म्हणून काही भाग राखला, हा व्हॅटिकनचा खुलासा मला पटतो. पण मग ‘पत्रातील काही भाग’ एवढे तीन शब्द छापायला काय हरकत होती? वृत्तसंस्थेच्या लेखी फोटोतलं अक्षर पुसणं म्हणजे पुराव्यात फेरफार. शिवाय झाकलेल्या दोन ओळीच लोक आधी वाचतात.

तुझ्या टेबलावर असं पत्र आलं तर आधी लिहिणाऱ्याला विचार, किती छापू? होकार लेखी घे, फोनवरचा नंतर कुणाला आठवत नाही. गाळलंस तिथे तीन टिंबं दे. आणि कागदाचा फोटो अजिबात नको. अर्धं पान दाखवलंस की उरलेलं मागायला माणूस येतोच.

व्हॅटिकनचं रोजचं प्रसिद्धिपत्रक तिथल्या दुपारी बाराच्या सुमारास निघतं, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. पोपच्या भाषणाची प्रत आधी हाती आली तरी त्यांचं बोलून होईपर्यंत ती वापरायची नाही. फ्रान्सिस तर कितीदा हातातला कागद बाजूला ठेवून बोलायचे. आधी करून ठेवलेला मराठी अनुवाद तसाच लावलास तर न उच्चारलेलं वाक्य पोपच्या तोंडी जातं. म्हणून अनुवाद तयार ठेव, पण रेकॉर्डिंगशी ताडल्याशिवाय सोडू नकोस.

जागतिक संपर्कदिनाचा पोपचा संदेश २४ जानेवारीला येतो आणि दिवस पाळतात पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, आदल्या रविवारी. मधे तीन-चार महिने हातात असतात, तरी आपल्याकडे अनुवाद नेहमी आदल्या आठवड्यातच का होतो देव जाणे. तुझा पहिला खर्डा मार्चपर्यंत मला पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

तुझा,
विलास