धरण किती भरलं ते रोज कळतं, पाणी कुठे गेलं ते कधीच कळत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पावसाळाभर धरणसाठ्याची चौकट येते, हतनूर इतके टक्के, गिरणा इतके, वाघूर इतके, आणि आमच्याकडे राशिभविष्याच्या आधी तीच वाचली जाते. छापत राहा, चांगलं काम आहे. पण ती नुसती शिल्लक झाली हो. जमा किती झाले, खर्च कुठे पडले, घट किती आली, हे कोणीच सांगत नाही. मी जन्मभर डाळ मिलमध्ये हिशेब लिहिले. शंभर क्विंटल तूर आत गेली तर डाळ किती, चुनी किती, फोलपट किती आणि वाळून घट किती हे सगळं मिळून शंभर भरायला लागतं, नाही भरलं तर शेठ संध्याकाळी थांबवून घ्यायचा. इथे अख्ख्या शहराचं वर्षभराचं पाणी आत जातं आणि बाहेर किती निघालं हे विचारायला शेठच नाही!

आता टक्क्यांचंच बघा. 50 टक्के म्हणजे कशाचे 50 टक्के? गिरणा धरणाचा एकूण साठा साडेएकवीस टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले तीन टीएमसी मृतसाठा (तळाचं, बाहेर काढता न येणारं पाणी), उरला साडेअठरा तो उपयुक्त. टक्के काढतात ते उपयुक्तवर. म्हणून शून्य टक्के लिहिलेलं असतं तेव्हा धरणात पाणी दिसतंच आणि लोकं म्हणतात पेपरवाले खोटं छापतात. दुसरं म्हणजे पातळीवरून साठा काढायचा तक्ता धरण बांधलं तेव्हाचा. भिंतीजवळच्या पट्टीवर सकाळी मीटर बघायचे, तक्त्यात बोट फिरवायचं, साठा हजर. मधल्या काळात गाळ येऊन बसला तर पट्टी तेच सांगणार पण पाणी तितकं असणार नाही. हतनूरमध्ये तापी आणि पूर्णा दोन्हीचा गाळ येतो, तिथे गाळ किती साचलाय हा विषय दर उन्हाळ्यात निघतो आणि पहिला पाऊस पडला की मिटतो. नव्याने सर्वे झाला की साठ्याचा आकडा खाली येतो, पण तो सर्वे कितव्या वर्षीचा वापरलाय हे चौकटीत कुठे असतं?

बरं, प्रत्येक खात्याचं माप वेगळं. पाटबंधारेवाले दलघमी (दशलक्ष घनमीटर) बोलतात, पुढारी टीएमसी, कालव्यावर क्युसेक (सेकंदाला घनफूट), शहरात एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) आणि टँकरवाला हजार लिटर. मुद्दाम करतात असं नाही म्हणत, पण कोणाचा आकडा कोणाला लावून बघता येत नाही हे खरं. तुमच्या वाचकांनी कापून ठेवावं म्हणून लिहितो: एक दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर, एक टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी, आणि एक एमएलडी वर्षभर चालला तर 0.365 दलघमी. एवढं पुरतं.

आता जळगाव शहराचं कागदावर मांडून बघू. 2011 च्या जनगणनेत 4 लाख 60 हजार लोकसंख्या होती, आज आपण सहा लाख धरू (हे माझं धरलेलं आहे, जनगणना येईल तेव्हा बदला). माणशी रोजचे 135 लिटर हे भुयारी गटार असलेल्या शहरासाठीचं सरकारी प्रमाण. म्हणजे रोजचे 8 कोटी 10 लाख लिटर, वर्षाचे साधारण 30 दलघमी, एक टीएमसीच्या थोडं वर. आणि शहराला पाणी देणाऱ्या वाघूरचा उपयुक्त साठा आहे 248 दलघमीच्या आसपास. म्हणजे भरलेल्या वाघूरमधला आठवा हिस्सासुद्धा शहराला लागत नाही. मग नळ दिवसाआड, दोन दिवसाआड का सुटतो? याचं उत्तर धरणात नाही, ते धरण आणि नळ यांच्या मधल्या कुठल्यातरी किलोमीटरमध्ये आहे.

गळतीसाठी केंद्राने 2008 मध्ये शहरांना प्रमाण ठरवून दिलं की बिनहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत पाहिजे. मिलच्या भाषेत ही मान्य घट. 20 टक्के घट धरली तर वर्षाला 37 दलघमी उचलायला लागतील, पण अर्धं पाणी वाटेत गेलं तर 59. नळाला येणारं पाणी दोन्हीकडे तेवढंच, आणि फरक 22 दलघमीचा, म्हणजे पाऊण टीएमसीपेक्षा जास्त! एवढ्या पाण्यावरून कालवा सल्लागार समितीच्या मीटिंगमध्ये टेबलं बडवली जातात. पण घट 20 आहे का 50 हे कोणाला विचारायचं, मीटर कुठे आहेत? जॅकवेलवर (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीवर) एखादा फ्लो मीटर असतो, फिल्टर प्लांटवर असतो तो चालू असला तर नशीब, जलकुंभातून खाली कॉलनीत किती गेलं ते व्हॉल्वमनच्या घड्याळावर, आणि घरात मीटर नाहीच, वर्षाची ठरलेली पट्टी भरली की विषय संपला मग त्याने टिल्लू पंप लावून दोन टाक्या भरो की तोटी नसलेला नळ गटारीत सोडून देवो.

मी स्वतः मागे एका कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, वर्षभरात पाणी उचललं किती आणि ग्राहकापर्यंत पोहोचलं किती. पहिल्याचं उत्तर आलं. कसं काढलं? तर पंप चालल्याचे तास गुणिले पंपावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता. आता पंप जुना झाला, इंपेलर झिजला, व्होल्टेज कमी आलं, तरी पाटी तीच. म्हणजे जमेचाच आकडा अंदाजे. दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं की अशी माहिती एकत्रित ठेवली जात नाही. खालचा क्लार्क चांगला माणूस होता बिचारा, मला म्हणे काका, आम्हाला हे आजवर कोणी विचारलंच नाही.

माझा भाचा मेलबर्नला असतो, त्याने मला तिथला हिशेब दाखवला म्हणून हे पत्र लिहायला बसलो. ऑस्ट्रेलियात 2007 च्या पाणी कायद्याने देशाच्या पाण्याचा हिशेब ठेवायचं काम तिथल्या हवामान खात्याला दिलं आणि 2010 पासून ते नॅशनल वॉटर अकाउंट काढायला लागले, त्यात मेलबर्न, पर्थ, अ‍ॅडलेड अशा शहरी भागांचे वेगवेगळे हिशेब. मेलबर्नच्या सगळ्या धरणांचा मिळून साठा 1812 दलघमी, त्यातलं एकटं थॉमसन धरण 1068 चं, म्हणजे आपल्या गिरणेच्या उपयुक्त साठ्याच्या साधारण दुप्पट (ते गिगालिटर म्हणतात पण एक गिगालिटर म्हणजे बरोब्बर एक दलघमी, नवीन काही शिकायला लागत नाही). वर्ष पण आपल्या पाटबंधाऱ्यासारखंच, 1 जुलै ते 30 जून. सुरुवातीला साठा किती होता, पावसाचं किती आलं, नदीतून किती, समुद्राचं पाणी गोड करून किती घेतलं, मग शहराला किती दिलं, नदीसाठी किती सोडलं, वाफ किती झाली आणि शेवटी साठा किती. आणि सगळ्यात खाली एक ओळ असते, हिशेबात न बसलेला फरक. ती वाचून मी थांबलोच. मोजमापात चूक राहते, ताळा जुळत नाही, तर न जुळलेला आकडा ते लपवत नाहीत, सरळ छापतात. मी कितीतरी ताळेबंद बघितले ज्यात हा फरक किरकोळ खर्चात ढकललेला असतो.

त्यांना हे सुखासुखी सुचलं नाही हे पण सांगतो. 1997 पासून दहा-बारा वर्षं तिकडे मोठा दुष्काळ होता, 2009 च्या जूनमध्ये मेलबर्नची धरणं 26 टक्क्यांच्या आसपास आली होती. माणशी दिवसाला 155 लिटरमध्ये भागवा असं सरकार सांगत होतं. आपलं प्रमाण कागदावर 135 चं आहे हे लक्षात घ्या, म्हणजे फरक फार नाही, फरक मोजण्यात आहे. आणि ते श्रीमंत म्हणून जमतं असं कोणी म्हणत असेल तर आपल्या साक्री तालुक्यात पांझरेवर जाऊन या. फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाटात आणि पाटातून फडात (शेतांच्या गटात) पाणी कोणाला कधी जाणार हे पाटकरी ठरल्याप्रमाणे फिरवायचा, जागल्या राखण करायचा, आणि पाणी कमी असलं तर कमी सगळ्यांनाच. कॉम्प्युटर नव्हता, पण पाणी कुठे गेलं हे अख्ख्या गावाला माहीत असायचं.

आपल्याकडच्या हिशेबात कोणते खर्च पडतील? वाफ सगळ्यात पहिली, कारण ती कोणीच धरत नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, 45 च्या वर पारा, त्यात गरम वारा. अशा दिवशी उघड्या पाण्याचा एक सेंटीमीटर थर सहज उडतो. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी लिटर, 135 च्या हिशेबाने 74 हजार लोकांचं त्या दिवसाचं पाणी. उथळ तलावात पाणी पसरून ठेवलं की हा खर्च वाढतो, धुळ्याच्या नकाणे तलावात पाणी आणून ठेवायचं का अक्कलपाड्यातच राहू द्यायचं याचा विचार या आकड्याशिवाय कसा करणार?

मग नदीतलं आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं पाणी. गिरणा धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं की ते खाली जळगाव तालुक्यातल्या कानळद्यापर्यंत यायला पाहिजे, पण मधे कोरडी वाळू (आणि जिथे वाळू उपसून नेली तिथे खड्डे) आधी आपला वाटा घेते. सोडलं किती ते छापून येतं, कानळद्याला पोहोचलं किती ते वाचल्याचं आठवतंय का कोणाला? बलून बंधारे (हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे) होतील तेव्हा होतील, तोवर शेवटच्या ठिकाणी एक मोजपट्टी तरी रोवा.

हतनूरवर तर सगळ्यांचा हात आहे, दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, भुसावळ शहर, शेती. पुरात 41 दरवाजे उघडतात आणि पाणी खाली गुजरातेतल्या उकाई धरणाकडे निघून जातं, ते पण खर्चाच्या बाजूला लिहायला पाहिजे, नाहीतर ऑगस्टमध्ये भरभरून वाहिलं आणि एप्रिलमध्ये कसं आटलं हे कोडं सुटत नाही. आणि वापरून झालेलं पाणी? शहराला दिलेल्या पाण्यातलं बरंच नाल्याला लागतं, ते शुद्ध करून कोणाला दिलं तर ती जमा आहे. 2016 च्या केंद्राच्या वीजदर धोरणात तर स्पष्ट आहे की सांडपाणी केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं. भुसावळ, जळगाव दोन्ही दीपनगरच्या त्या टप्प्यात येतात. किती दिलं, किती घेतलं, एक आकडा द्या. बोअरचं पाणी मात्र कठीण आहे, नव्या कॉलन्या अर्ध्या त्याच्यावरच चालल्यात आणि त्याला मीटर नाही, तिथे भूजलवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात ती तरी शेजारी लावा.

यातलं बहुतेक सगळं कुठल्या ना कुठल्या फाइलमध्ये पडलेलं आहे. जलसंपदा खातं प्रकल्पांचे जललेखे (पाण्याचे वार्षिक हिशेब) काढतं, तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं ऑफिस जळगावातच आहे, भूजलवाल्यांकडे पातळ्या आहेत, नगरपालिका महापालिकांकडे पंपांची लॉगबुकं. फक्त ते एका कागदावर, एका मापात, शहरवार येत नाही. 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पिण्याचं आरक्षण ठरतं, तेव्हा 30 जूनला संपलेल्या वर्षाचा हिशेब ऑगस्टअखेर लोकांसमोर आला तर त्या मीटिंगला काहीतरी आधार राहील. नाहीतर मागच्या वर्षी इतकं मागितलं होतं म्हणून यंदा थोडं वाढवून मागा, एवढ्यावरच आरक्षण चालतं. पहिल्या वर्षी हिशेबात न बसलेला फरक मोठा येईल, 30-40 टक्के पण येईल, येऊ द्या.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. त्या चौकटीत टक्क्यांच्या शेजारी दोन रकाने वाढवा: 1 जुलैपासून धरणात आलेलं पाणी, आणि त्याच तारखेपासून शहरासाठी उचललेलं पाणी, दोन्ही दलघमीत. जे खातं आकडा देणार नाही त्याच्या रकान्यात "माहिती मिळाली नाही" असं रोज छापा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
जळगाव जिल्हा